उसातला आज्जा

मी आन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दगडांना चुना. न्हावऱ्याच्या बाजारातून आणलेला चुना बादलीत भिजवला, कुंचा घेतला आन् दोघं आमच्या मसणवट्यात गेलो. दरसालचंच काम. ती दगड धुवायची, मी चुना द्यायचो, आन् ती मागं उभी राहून चुका काढायची. "अवो, सासूबाईंच्या दगडाला दोन हात द्या. न्हाई तर सपनात येऊन मलाच बोलतील."

मी शाळेत फार गेलो नाही, म्हणून सरळच लिहितो. गावाचं स्मशान ओढ्याच्या वरच्या अंगाला. आम्ही गावकुसाबाहेरचे, आमचं खालच्या अंगाला. आमचं मढं गावातल्या रस्त्यानं न्यायची सोय नव्हती, वस्तीमागच्या बाभळीतून न्यायचं. जाळायला लाकूड कुठलं? आम्ही पुरायचो. अक्षर कुणाला येत नव्हतं, म्हणून डोक्याशी एक दगड ठेवायचा, आन् कुठला दगड कुणाचा ते थोरल्यांनी धाकट्यांना दाखवून ठेवायचं. आता पंचायतीनं वरच्या अंगाला पत्र्याची शेड बांधलीय. सगळ्यांनी तिथंच या म्हणतात. जाणारे जातात. पण माझी बायको कुणाचं ऐकती? "मला तिकडं न्यायचं न्हाई. सासूबाईंच्या शेजारी ठेवा. आमचं भांडण अर्धं राहिलंय."

घोडं अडलं होतं ते जागेवर. शेजारच्या बागायतदाराचा ऊस दर लागणीला सरी-दोन सरी पुढं सरकत पार माझ्या आईच्या उशाशी आला होता. त्याला बोललं की म्हणायचा, "आबा, पडीक जागा ती. कोण हाय तिथं?"

"समदी हायेत," बायको म्हणायची. "उठून भांडाय येत न्हाईत, म्हणून तुमचं फावतंय."

माझ्या आज्याचा दगड तर कधीचाच उसात गेला होता. पण बागायतदारानं त्याला हात लावला नव्हता. मढ्याच्या दगडाला कोण हात लावतंय? भोवती हातभर जागा सोडून ऊस लावायचा. आम्ही पाचट तुडवत आत जायचो आन् चुना देऊन यायचो.

वस्तीनं मोजणीचा अर्ज केला होता. नेमके चुन्याच्या दिवशीच मोजणीवाले आले. तीन पायांवर यंत्र उभं केलं. साहेब नकाशावर बोट ठेवून सारखा विचारत होता, "हद्दीचा दगड इथंच कुठंतरी पाहिजे. कुठाय?"

"हितं दगड कवाच नव्हता साहेब," बागायतदार म्हणाला. "मी ल्हानपणापासनं बघतोय."

बायकोचं तोंड उतरलं. दगड नाही तर हद्द नाही, हद्द नाही तर तिची जागा नाही. पण हातातलं काम तसंच टाकून जायची तिची रीत नव्हती. बादली उचलून ती उसात शिरली. मागं मी, माझ्यामागं साहेब, आन् साहेबामागं बागायतदार.

"हा पांढरा दगड कुणाचा?" साहेबानं विचारलं.

तिनं पदर सावरला. "आमच्या आजेसासऱ्यांचा."

साहेब खाली बसला आन् किल्लीनं वरचा चुना खरवडायला लागला.

"अवो साहेब, डोकं खाजवताय व्हय त्यांचं?"

चुन्याचे पापुद्रे निघाले. खाली घडीव दगड, माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. साहेब उठला. "आजी, हे तुमचे आजेसासरे नाहीत. हाच हद्दीचा दगड."

मग बायकोच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं रडती. ती हसत होती. "म्हंजी नवी नवरी असताना तुम्ही मला सरकारी दगडाच्या पाया पाडलंत? आन् मी येडी दरसाल ह्याच्याम्होरं डोईवर पदर घेतीय!"

"मला बापानं हाच दाखवला," मी म्हणालो.

"आन् मी दर आवसंला ह्याला नारळ फोडतोय!" बागायतदार कपाळाला हात लावून म्हणाला.

मग मात्र यंत्रावरचा माणूससुद्धा पोट धरून हसला. हद्दीचा दगड म्हणून कळला असता, तर बागायतदारानं तो केव्हाच उपटून ओढ्यात टाकला असता. माझ्या आज्याला भ्याला, म्हणून हद्द राहिली.

मोजणीवाल्यांचा चुना संपला, तर आमच्याच बादलीतला घेऊन त्यांनी रेघ मारली. रेघेच्या अलीकडं बराच ऊस निघाला. बागायतदार म्हणाला, "तोडणी झाली की सोडतो."

"तोडणीला कोण थांबतंय? सासूबाईंच्या शेजारचा तेवढा आत्ताच तोडा," ती म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं कोयता घेतला. तोडलेलं एक कांडं तिच्या हातात दिलं. दात नसलेल्या तोंडानं ती ते चघळत राहिली, हसली, ठसका लागला, परत हसली. घरी येईस्तवर तेच. दिवेलागणीला चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "मग खरा आज्जा कुठं हाय वो?" आन् परत सुटली. "जरा पाठ टेकते," म्हणाली. ती उठलीच नाही.

शेडकडं चला, असं दोघं-तिघं म्हणाले. मी कुणाचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारी, जिथला ऊस निघाला होता तिथं तिची माती झाली. आता भांडा म्हणावं दोघींनी.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला चुना घेऊन निघालो. दौंडला दिलेली लेक मागोमाग आली. तिला एकेक दगड दाखवला. हा तुझ्या आज्जीचा, हा तुझ्या आईचा. माझ्या आईच्या दगडाला दोन हात दिले, न्हाई तर बायकोला बोलणी बसायची. मग उसात शिरलो आन् साहेबानं खरवडलेल्या जागेवर कुंचा फिरवला.

"आबा, ह्याला कशाला? ह्यो तर हद्दीचा हाय ना?"

"ह्यो माझा आज्जा," मी म्हणालो.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नाकातून तसलाच आवाज आला. "मग पाया पडू?"

"पड."

डोईवर पदर घेऊन ती पडली.