सहाशे सीड्यांची फायनल तपासणी

माझ्याकडे गाण्यांच्या सीड्या किती, यावर घरात एकमत नाही. बायको म्हणते सहाशे. मी पाहुण्यांना दोन हजार सांगतो, आणि पाहुणा आमच्या लातूरकडचा असेल तर चार, कारण आमच्याकडची माणसं ऐकलेल्या आकड्याला निम्म्याने भागूनच विश्वास ठेवतात. ओव्हरटाइमचे पैसे आले की एक सीडी, बोनस आला की पिशवीभर, असं वीस वर्षं चाललं. घरी विचारलं की मी एकच सांगायचो, ही गुंतवणूक आहे.

चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमधलं एकुलतं एक मोठं कपाट या गुंतवणुकीने व्यापलेलं. बायको घरी ब्लाउज शिवते. तिचं काम इतकं वाढलं, की गिऱ्हाइकांचे ब्लाउज टीव्हीवर, फ्रिजवर आणि शेवटी माझ्या डब्याच्या पिशवीत जाऊन बसले. एकदा फर्स्ट शिफ्टला जेवताना मी हात पुसायला रुमाल म्हणून जे काढलं, त्याला मागे हूक होते. ते गिऱ्हाईक आजही मला जिन्यात ओळख देत नाही.

त्याच संध्याकाळी तिने कपाट मागितलं. मी म्हणालो, त्यात लाखाची मालमत्ता आहे. तीही लातूरचीच. म्हणाली, "बरं, पन्नास हजार धरू. किंमत काढणारा माणूस बोलवा. पन्नासच्या वर गेला तर कपाट तुमचं. नाहीतर सोमवारपासून माझं."

शोधाशोध करून हिंजवडीच्या आयटी कंपनीतला एक माणूस मिळाला. जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी, सीड्या जमवायच्या आणि हौशी लोकांना विकायच्या, हा त्याचा सुट्टीचा धंदा. रविवारी येतो म्हणाला.

आता माल दाखवायचा म्हणजे तपासणी आली. निघोज्याजवळच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. माझ्या खुणेशिवाय गेटबाहेर पडायची एकाही शाफ्टची हिंमत नाही. मी तीन दिवस रजा टाकली, हॉलभर चादरी अंथरल्या आणि सगळा माल काढला. प्रत्येक सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चरे पाहिले. व्हर्नियर लावून व्यास मोजला. सगळ्याच्या सगळ्या एकशेवीस मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. असा सप्लायर आमच्या कंपनीला मिळाला असता, तर माझी नोकरी पहिल्याच महिन्यात गेली असती.

पास झालेल्या प्रत्येक सीडीवर मी रिवाजाप्रमाणे हिरव्या पेंटचा ठिपका दिला. रिजेक्ट निघाल्या चौदा. एकीवर छापलेली भजनं आणि आत ढोलकीवर लावणी. एकीचं कव्हर उलटं. एकीवर गायिकेच्या नावाखाली मिशीवाल्याचा फोटो. माझ्यासारख्या माणसाने असा माल एकेकाळी पैसे देऊन घेतला, याची मला लाज वाटली.

आमच्या लायनीत रिजेक्ट माल कधी धड ठेवत नाहीत. ठेवला, तर महिनाअखेरीला डिस्पॅच कमी पडतो आणि सुपरवायझर तो हळूच चांगल्या पेटीत सरकवतो. म्हणून त्याला तिथल्या तिथे खाच मारायची नाहीतर भोक पाडायचं. मी घरचं ड्रिल काढलं आणि चौदाही सीड्यांना कव्हरासकट आरपार सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. लाल क्रेटमध्ये टाकल्या. वर चिठ्ठी लावली, तारीख घातली, सही केली. मन कसं स्वच्छ झालं.

रविवारी तो आला. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये त्याची गाडी इतका वेळ उभी होती, की निघताना केलेली दाढी पोचेपर्यंत पुन्हा आली असावी. पाणी प्यायला, चादरींवरून नजर फिरवली आणि हिरवे ठिपके पाहून जरा थांबला. पुसता येतील, म्हणाला. चांगली गाणी आहेत, पण ही सगळीकडे मिळतात. सगळ्या मिळून सहा हजार देईन.

बायकोने शिलाईची टेप गळ्यात अडकवली आणि ती कपाटाची रुंदी घ्यायला उठली.

तेवढ्यात त्याने क्रेटबद्दल विचारलं. मी म्हणालो, तो स्क्रॅप आहे, तिकडे बघू नका, मलाच शरम वाटते. त्याने भजनांची सीडी उचलली. कव्हर वाचलं. मग सीडीच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"काका, छापताना चुकलेला माल हाच तर लोक शोधत फिरतात. या चौदांचे मी साठ हजार दिले असते."

"मग द्या की," मी म्हणालो.

"भोक कुणी पाडलं?"

मी चिठ्ठीवरच्या सहीकडे बोट दाखवलं. कामात मी कधी जबाबदारी टाळलेली नाही.

त्याने सीडी परत क्रेटमध्ये ठेवली. मी मात्र बाजू सोडली नाही. बायकोला म्हणालो, ऐकलंस ना, साठ अधिक सहा, पन्नासच्या वर गेलं, कपाट माझं.

"दिले असते म्हणाले ते," ती म्हणाली. "दिले नाहीत. आणि एक विचारू? साठ हजार खरंच दिले असते, तर तुम्ही विकल्या असत्या?"

मी भजनांची सीडी हातात घेतली. तिच्यातली लावणी मला पहिल्या ठेक्यापासून पाठ आहे. मी नाही म्हणालो.

"मग किंमत कशाला काढली? राहू द्या म्हणायचं होतं." तिने टेप गुंडाळली. "खालचे दोन कप्पे तुमचे. त्यात बसतील तेवढ्या ठेवा. उरतील त्या या भाऊंना द्या."

पाच कप्प्यांचा माल दोन कप्प्यांत बसवायचा होता. पाहुणा उरलेल्या न्यायला पिशव्या उघडून उभाच राहिला. मी परत व्हर्नियर घेतलं. प्लास्टिकच्या डबीसकट एक सीडी दहा मिलिमीटर. डबी काढली आणि तिच्यातल्या कागदात गुंडाळली, तर चारसुद्धा नाही.

दुपारी तीनपर्यंत सगळ्या सीड्या, भोकवाल्या धरून, दोन कप्प्यांत गेल्या. वर बोटभर जागाही उरली. पाहुण्याच्या पिशव्यांत मी भोकवाल्या चौदा सोडून सगळ्या रिकाम्या डब्या भरल्या आणि त्याने त्यांचेही पैसे दिले, कारण डब्या फुटत असतात आणि नव्या आता मिळत नाहीत. तो गेल्यावर बायकोने कप्प्यांसमोर उभं राहून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे वीस वर्षं कपाटात डब्याच होत्या," ती म्हणाली, आणि ब्लाउज आणायला फ्रिजकडे गेली.