घरच्या तांदळाचा भाव

माझी लहान बहीण चंद्रभागा म्हणजे पक्की अडेलतट्टू. हात जोडा, पाया पडा, आपलंच खरं करन. तिचा राग येते अन् तिच्यासाठी जीवही तुटते, काय करता!

तिचं सासर एकोडीचं. तळ्याखाली अडीच एकर धान, नवरा सेवकराम ते पाहते. पोरगी टीना तुमसरले बी.कॉम.ले लागली, तशी हीही पोरीसंगं इथं आली. राइस मिलच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत भोजनालय टाकलं. सेवकरामनं तेव्हाच बजावलं होतं, "खर्च सुटला तर पोरगी शिकल. नाही सुटला तर दोघीही वापस. मंग पोरगा पाहू तिच्यासाठी."

आम्ही ज्याले खर्च सुटणं म्हणतो, त्याले टीनाच्या पुस्तकात 'ना नफा ना तोटा बिंदू' म्हणतात. एक दिवस भाजी निवडता निवडता ते मायले समजावून राहिली होती. मी तिथंच होती.

"साठची थाळी. डाळ, भाजी, तेल, गॅस मिळून चाळीस जातात. उरले वीस. भाडं महिन्याचं सहा हजार. म्हणजे तीनशे थाळ्या गेल्या की खर्च सुटला. पुढं सारा फायदा." मंग थांबली. "आई, तांदळाचा भाव काय धरू?"

"घरच्या तांदळाले कायचा भाव?" चंद्रभागा हासली. "बाप पाठवते, आपण रांधतो."

टीनानं तांदूळ सोडून देला. मलेही पटलं. आमच्या अख्ख्या खानदानात कोणी तांदूळ विकत घेतला नव्हता.

महिन्याले सहाशे थाळ्या जात. हमाल लोकं पोती उचलून भुकेजून येत, अन् ही बाई घरचं लगन असल्यावानी भात वाढे. गल्ल्यात पैसा उरे, तो टीनाच्या फीत अन् सेवकरामच्या दम्याच्या दवाईत जाय. "सेठाणी झाली वो तू!" म्हणून मी चिडवत होती.

होळीच्या आधी सेवकराम बसनं आला. हातात रिकामं पोतं.

"टीनाची माय, घरी खायले तांदूळ नाही. तुह्याकडचा दे थोडा."

हिच्याकडंही दोन दिवसांचाच होता. सालभराचं धान होळीलेच संपलं! मी भडकली, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या तू!"

टीनानं खडू घेतला अन् थाळीचा भाव लिवलेल्या पाटीवरच हिशोब मांडला. हमालाच्या थाळीले अर्धा किलो तांदूळ. चाळीसच्या भावानं वीस रुपये. साठातून चाळीस गेले, वीस गेले. उरलं शून्य.

"आई, सहा हजाराले शून्यानं भागता येत नाही," ते म्हणली. "सहाशे वीक का सहा हजार वीक, खर्च सुटतच नाही."

थाळी महाग करावी, तर समोरचा भोजनालयवाला साठातच पोटभर देते. "मंग भात मोजून वाढ," मी म्हणली. चंद्रभागा माझ्यावरच खेकसली, "उपाशी मानसाले मोजून वाढू? मायनं हेच शिकवलं का आपल्याले?"

तरी पोरीसाठी तिनं तेही केलं. वाटीनं भात वाढला. वाढताना मान वर करत नव्हती. हमाल बिचारे आठवड्याभरात समोर जाऊन बसले.

खोली खाली केली. टीनाचं शेवटचं वर्ष राह्यलंच. बसस्टँडवर जाताना चंद्रभागा किराणा दुकानात थांबली, अन् जन्मात पहिल्यांदा तिनं विचारलं, "तांदूळ कसा देला, भाऊ?"

"चाळीस."

"टीनानं तोच धरला होता," ते मले म्हणली अन् सेवकरामचं रिकामं पोतं भरून घेतलं. ते रडली नाही, मीच रडली.

मंग महिन्याभरात टीनाले पाहाले दिघोरीचे पाहुणे आले. मीही एकोडीले गेली होती. चंद्रभागानं भात वाढला, भरभरून, पहिल्यासारखा. टीना दारात उभी होती. पोराच्या बापानं घास घेतला अन् खुश होऊन विचारलं, "घरचा तांदूळ वाटते?"

"हो," चंद्रभागा म्हणली. "घरचाच."