चहाबरोबर घेतलेल्या गोळ्या

पाचव्या महिन्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला, तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात तो सर्वांत आधी सासऱ्यांनी वाचला. रक्त माझं, मोबाइल माझा, पण मान त्यांचा. त्यांची करमाडला शेती आहे आणि आयुष्यभर त्यांनी सातबारे वाचले आहेत. रिपोर्टही त्यांनी तसाच वाचला. आधी नाव, मग वय, मग शिक्का. वय एक वर्षानं जास्त पडलं होतं. "हे आधी दुरुस्त करून घ्या, मग पुढचं बघू," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आकड्यांकडं वळल्या त्या सासूबाई. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ठळक छापलेलं दिसतं. त्यांनी बोट ठेवत ठेवत पाच ठळक आकडे मोजले. "पाच ठिकाणी काळं केलंय गं! म्हंजी पाच गोष्टी बिघडल्या." मी शाळेत गणित शिकवते आणि आकड्यांना भिणाऱ्या पोरांना रोज हसते. त्या दिवशी मात्र भिणारी मीच होते. मी एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसले. पांढऱ्या पेशी जास्त, म्हणजे जंतू. अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त, म्हणजे लिव्हर. जेवणाची वेळ होईपर्यंत मला चार आजार झाले होते आणि सासूबाई दोन नवस बोलून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि पाचांपैकी चार आकड्यांवर फटाफट काट मारली. "आकड्याशेजारी जी हद्द छापलीय ना, ती साध्या माणसाची. गरोदर बाईची नाही. पांढऱ्या पेशी या दिवसांत वाढतातच. आणि हे दुसरं वाढलंय ते लिव्हरमुळं नाही, बाळाच्या वारेमुळं, म्हणजे प्लॅसेंटामुळं." थोडक्यात, आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. खरा चोर पाचवा आकडा होता. हिमोग्लोबिन, ८.६. "रक्त या दिवसांत जरा पातळ होतंच, पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढतं तसं," त्या म्हणाल्या. "पण इतकं नको." आणि त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग त्यांनी विचारलं, "बाळंतपण कुठं करणार?"

"माहेरी, अजिंठ्याला."

पहिलं बाळंतपण आईकडं, हा आमच्याकडचा रिवाज. अजिंठा म्हटलं की लोकांना लेणी आठवतात. मला आईच्या ओट्यावरचं सकाळचं ऊन आठवतं, आणि 'अजून झोप, काय घाई आहे' असं म्हणणारी आई. लग्न झाल्यापासून मी माहेरच्या त्या तीन महिन्यांची वाट बघत होते. सासरच्या घरात सहाच्या पुढं झोपलेलं कुणी आजवर पाहिलेलं नाही.

"दहाच्या वर गेलं तर खुशाल जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही गेलं तर इथंच. ऐन वेळी रक्त लागलं, तर अजिंठ्याहून इथं पोचेपर्यंत दोन-अडीच तास जातील."

म्हणजे माझं माहेर आता एका आकड्यावर येऊन थांबलं होतं.

मोहीम सासूबाईंनी हाती घेतली. गूळ-शेंगदाण्याचे लाडू झाले, खजूर झाले, बीट झालं. बिटानं जीभ तेवढी लाल झाली. गोळी मात्र त्या स्वतःच्या हातानं द्यायच्या, रोज सकाळी, आलं घालून उकळलेल्या दुधाळ चहाबरोबर. आमच्या घरात गोळी, बिस्कीट आणि पाहुणा, तिन्ही चहाबरोबरच आत जातात. मीही तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर गोळीच्या निमित्तानं मी कप दोनदा भरून घ्यायचे.

दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. ८.७. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंनाच फैलावर घेतलं. "गोळ्या बदला बाई. ह्या गोळ्यांत दम नाय."

"रोज घेते ना ही?"

"व्हय तर! म्या सोता देते. एक बी चुकली नाय."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. आणिक कशाबरोबर देत्यात?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चहा गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही, दोन्हींत दोन तासांचं तरी अंतर हवं, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दीड महिन्याच्या गोळ्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी! मला आधी हसू फुटलं आणि मग भयंकर राग आला. तो कुणावर काढावा ते कळेना, कारण दुसरा कप मीच मागत होते. रिक्षा घराजवळ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायी तुझं म्हायेर हुकलं, तर लई वंगाळ व्हईल."

त्या दिवसापासून घरात सकाळचा चहा बंद झाला. सासरे गुपचूप कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊ लागले. मी लिंबूपाणी पीत राहिले, तोंड वाकडं करून, पण एकही दिवस न चुकवता.

आठवा लागताना तिसरा रिपोर्ट आला. ९.७. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, महिन्याभरात इतकं वाढलं म्हणून. "पण दहा नाही," त्या म्हणाल्या.

"जवळचा पूर्णांक दहाच येतो ना, मॅडम?"

"शाळेत येतो," त्या म्हणाल्या. मी तिथंच रडायला लागले, पस्तिशीला आलेली बाई, बाकीच्या पेशंटांसमोर.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्याच मोबाइलवरून, स्पीकर चालू करून, माझ्या आईला फोन लावला. "विहीणबाई, पोरीला डॉक्टर सोडीत नाय. तुम्हीच या इकडं. चांगलं तीन म्हैने ऱ्हा."

आई म्हणाली, "आसं कसं जमंल? लेकरू झाल्याबिगर आमच्यात लेकीच्या घरचं पाणी बी पीत नाहीत." ते खरं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यात आई दोनदा आली आणि दोन्ही वेळा भाकरी आणि पाणी घरून बांधून आली. ती हा नेम मोडणार नाही, हे मला माहीत होतं.

सासूबाईंनी फार विचार केला नाही. "लेकीचं घर कोण म्हनलं? घर माझ्या नावावर हाय. तुमच्या लेकीला म्या आजून एक खिडकी बी दिली नाय. तुम्ही तिच्याकडं नगा येऊ, माझ्याकडं या."

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. चौथ्या दिवशी आई आली. सासूबाईंनी तिला ताट वाढलं आणि समोर बसल्या. आईनं माझ्याकडं न बघता भाकरी मोडली आणि पोटभर जेवली. या घरात माझं काहीच नाही, हे ऐकून इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा कधी होईल असं वाटत नाही.