हप्त्यांत गेलेले गुरुवार

आमच्याकडे सुट्टी रविवारी नसते. चाकणच्या कंपन्या गुरुवारी बंद, म्हणून काळेवाडीतल्या आमच्या इमारतीत पुरुषमाणसं दिसतात ती गुरुवारी. त्या दिवशी घरात मटण नाही, पोरं शाळेत, अशी ही कोरडी सुट्टी. तरी सुट्टी ती सुट्टी. माझ्या नवऱ्याला मात्र तीही उरली नव्हती, कारण आम्ही गाडी घेतली होती.

खूळ दोघांचंही. लेक मोठी होतेय, तिघांनी मिळून हिंडावं, वाटेत कुठं झाडाखाली डबा उघडावा, एवढीच हौस. दसऱ्याला गाडी दारात आली. चाकांखाली लिंबं, पुढे झेंडूची माळ, सगळ्या इमारतीला पेढे. शेजारीण म्हणाली, आता काय बाई, तुमचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. मी आपली लाजले-बिजले.

मग हप्ते सुरू झाले. गुरुवारी कामावर गेलं की दुप्पट पैसे मिळतात, म्हणून हे गुरुवारीही कंपनीच्या बसने जायला लागले. झालं! हिंडायला म्हणून गाडी, गाडीसाठी ओव्हरटाइम आणि ओव्हरटाइममुळे हिंडणं बंद. आमच्यासारखे शहाणे आम्हीच. तसे अगदी एकटेही नाही बरं का, कव्हर घातलेल्या आणखी कितीतरी गाड्या आमच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात.

बॅटरी उतरू नये म्हणून हे संध्याकाळी खाली जाऊन गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवायचे. लेक पळत जाऊन पुढच्या सीटवर बसायची, पट्टाही लावायची. मी मागे. गाडी जागची हलायची नाही, पण तेवढ्यात लेक शाळेतलं सगळं सांगून घ्यायची आणि हे मन लावून ऐकायचे. वर गेलं की जेवण, झोप, संपलं. एकदा तिने विचारलं, बाबा, आज जरा जास्त वेळ चालू ठेवता का? मला रडूच आलं. रागही आला, कुणावर ते कळेना.

जेवताना मी विषय काढला, गाडी विकू या. यांना वाटलं, हिला वेड लागलं. लोक काय म्हणतील, पेढे वाटलेत आपण. मी म्हटलं, पेढे त्यांनी खाल्ले, हप्ते भरायला येतात का ते? बरेच दिवस अबोला झाला. शेवटी विकली. नुकसान झालं ते झालं. बायका जिन्यात हळूच विचारायच्या, काही अडचण आहे का गं? मी म्हणायचे, छे, चैन चाललीय आमची.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं हो. हौस करू नये असं नाही, ते पेढे मला अजूनही गोडच लागतात. पण वस्तू घेताना आपल्याला वस्तूच दिसते, तिच्यापायी काय देऊन बसतोय ते दिसत नाही.

मात्र गाडी गेल्यावर हे घरी राहिले, त्या पहिल्याच गुरुवारी माझा तोरा उतरला. मला वाटलं होतं, बसू, बोलू. यांना करमेचना. नळाचा वॉशर बदलला, पंखे पुसले, मग नुसतेच खिडकीशी उभे. मी ब्लाउज शिवत होते. वैतागून म्हणाले, "घरी बसलं की वाटतं, मी कुणाच्याच उपयोगाचा नाही."

माझं मशीन थांबलं. इतके दिवस मी सगळा दोष हप्त्यांना देत होते. मग जा कंपनीत, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात यांनीच विचारलं, सहज विचारावं तसं, "गुरुवारी दुपारभर तू काय करायचीस गं?"

"तुमची वाट बघायचे."

हे खिडकीपासून हलले, माझ्याजवळ येऊन खाली बसले, आणि लेकीची शाळा सुटेपर्यंत तिथून उठले नाहीत.