पहिल्या दिवशी वीस, तीन वर्षांनी वीस

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा ओंकार फ्लॅट घेतोय. म्हणून तो माझ्या मानगुटीवर बसलाय, "आजोबा, तुमचे लोनचे किस्से आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहा." चौथी नापास माणसाला लिहायला लावायचं आणि मग चुका काढायच्या, असली ही पोरं. बरं. चेन्नईत पंचेचाळीस वर्षं माझं सोनं गाळायचं दुकान होतं. गलाईवाला झाडलेली धूळसुद्धा टाकत नाही. डब्यात साठवतो, वर्षानं त्यातून सोनं काढतो. आता चेन्नईच्या टोकाला, तांबरमच्या ह्या बिल्डिंगीत राहून माझा तसाच डबा भरलाय.

*

विलासनं, म्हणजे माझ्या पोरानं, तीस लाखांचं लोन काढलं. वीस वर्षांचं. पहिला हप्ता सत्तावीस हजार गेला. मी म्हटलं, चला, तेवढं कमी झालं. विलास म्हणाला, "नाही आबा. साडेबावीस व्याजात गेले. मुदलात साडेचार."

मुशीत मी एवढी घट दाखवली असती, तर सोनारानं मलाच भट्टीत घातलं असतं!

*

मग मेंटेनन्स. आम्ही तळमजल्यावर. लिफ्टचा खर्च आम्हालाही. मी सेक्रेटरीला म्हटलं, मी त्या पेटीत पाय ठेवला नाही. सेक्रेटरी म्हणजे रंगनाथन सार, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला. तो म्हणाला, नियम आहे. उन्हाळ्यात बोअर आटली, पाण्याच्या लॉरीचे पैसे वेगळे. गच्ची गळली, तिचे वेगळे. गच्ची माझ्यापासून चार मजले वर!

दुसऱ्या दिवशी मी सकाळभर लिफ्टमधून वर-खाली केलं. पैसे वसूल.

*

खरेदीखतात लिहिलंय की फ्लॅटबरोबर चारशे चौरस फूट जमीन विलासची. मी विचारलं, कुठली? कोणालाच सांगता येईना. सगळ्यांची मिळून म्हणे, वेगळी दाखवता येत नाही. हप्ता मात्र वेगळा दाखवता येतो. मी कंपाउंडच्या कोपऱ्यात चार विटा रोवल्या आणि मधे शेवगा लावला.

रंगनाथननं विटा उपटल्या. मी परत रोवल्या.

*

तीन वर्षं झाली. घराचे मूळ कागद बँकेत. मी चौऱ्याहत्तरचा. ते कागद एकदा हातात घेऊन बघायचे, बाकी काही मागणं नाही. सतरा वर्षं उरली असतील, तेवढं जगू म्हणून बँकेत गेलो. काउंटरवरची पोरगी कॉम्प्युटर बघून म्हणाली, "अजून वीस वर्षं, ताता." ताता म्हणजे आजोबा.

मी म्हटलं, बाई, वीस पहिल्या दिवशी होती.

ती म्हणाली, व्याजदर वाढला, पण आम्ही हप्ता वाढवला नाही, वर्षं वाढवली. वर म्हणते, विलासला मेसेज पाठवला होता. त्यानं तो उघडलाच नव्हता.

मी तिथंच खाली बसलो. तिनं पाणी दिलं. तेवढं फुकट होतं.

*

दुकान विकून आलेले सहा लाख माझ्याजवळ होते. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, हे लोनमध्ये घालतो. रंगनाथन हसला. एफडीत ठेवा म्हणाला, आणि मग सगळ्यांसमोर, "पडिक्काद आळ, ह्याला काय कळतं?" म्हणजे न शिकलेला माणूस. पंचेचाळीस वर्षांत तेवढं तमिळ मला येतं.

मी गेलो त्याच पोरीकडे. म्हणालो, सहा लाख घे. हप्ता आहे तेवढाच ठेव, वर्षं काप. मुशीखालची आच लवकर काढली की घट कमी, हे मला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं.

तिनं कागद छापला. विसाची साडेअकरा झाली. मी तिला तीनदा वाचायला लावलं.

*

परवा दुपारी रंगनाथन खाली आला. आत येऊन त्यानं दार लावलं. शर्टातून घडी केलेला कागद काढला. त्याच्या पोराच्या लोनचा. वीस वर्षांचं लोन, पाच वर्षं भरून तेवीस उरलेली.

मग हळूच म्हणाला, "ती पोरगी कुठल्या काउंटरला बसते?"

मी सांगितलं. चहाही पाजला.

आज सकाळी शेवग्याला पाणी घालायला गेलो. माझ्या चार विटांना लागून आणखी चार विटा. नव्या, ओळंब्यात रोवलेल्या.

माफी मात्र अजून यायचीय. रंगनाथन सारकडून.