खाणीच्या तळातली जीप

निवृत्तीनंतर पुष्कळ प्रकरणं डोक्यातून पुसली गेली. विश्रांतवाडीच्या पुढच्या दगडखाणीतलं हे एक मात्र जात नाही.

आयटी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या तेव्हा रात्रंदिवस धावत. अशाच एका जीपचा ड्रायव्हर गाडीसकट बेपत्ता झाला. मालकाने चोरीची फिर्याद दिली. तो रोज आमच्या पोलीस ठाण्यात येऊन गाडीची चौकशी करी. माणसाची एकदाही केली नाही. ड्रायव्हरचा एक मित्र, तोही ड्रायव्हरच, जबाबात म्हणाला, "गाडी विकून गावाकडे जाणार, असं बोलायचा तो."

बेपत्ता ड्रायव्हरची बायको यवतमाळकडची. तीही रोज येऊन बाकावर बसायची. "ते चोर नाहीत जी, साहेब." मी कंटाळून म्हणायचो, "खरं काय ते बाहेर येईल, बाई."

मग एका गुराख्याने खबर आणली. "सायेब, खाणीच्या पाण्यावर डिझेलचा तवंग हाय." पाणबुड्यांना तळाशी जीप सापडली. काठ ढासळणारा, क्रेन उभी राहीना. शेवटी अवजड सामान उचलणारा एक ठेकेदार बोलावला. त्याच्या माणसांनी रिकाम्या रबरी पिशव्या पाण्याखाली जीपच्या दोन्ही अंगांना बांधल्या आणि ते वरून कॉम्प्रेसरने त्यांत थोडी थोडी हवा भरू लागले.

"अहो, जरा लवकर उरका," मालक म्हणाला.

"एक बाजू आधी फुगली तर गाडी उलटेल, आतलं सगळं विस्कटेल," ठेकेदार म्हणाला. "घाई असेल तर आपण स्वतः खाली उतरावं."

जीप सरळ वर आली. पंचनाम्याला आत डोकावलो. ड्रायव्हर मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेला. म्हणजे गाडी दुसरं कोणीतरी चालवत होतं. म्हणजे गाडी दुसरं कोणीतरी चालवत होतं. मित्राला मी मुद्दाम काठावर उभं केलं होतं. त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर तो आपणहून सगळं सांगू लागला.

डबल ड्यूटीने थकलेल्या ड्रायव्हरला मागे झोपवून हाच गाडी चालवत होता. पहाटे तोंड धुवायला खाणीवर उतरला आणि हँडब्रेक ओढायला विसरला. उतारावरून गाडी पाण्यात गेली. भीतीने तो पळाला आणि भीतीपोटीच खोटं बोलला.

मी काठावर बसलेल्या त्या बाईजवळ गेलो. "तुमचे यजमान चोर नव्हते," म्हणालो. तिला तेवढा तरी आधार होईल, असं मला वाटलं होतं.

ती पाण्याकडेच पाहत होती. "पिशव्या फुगत होत्या तेव्हा मी देवाले म्हनत होती, गाडी रिकामी निघू दे. चोर निघाले असते तरी चाललं असतं मले."

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. पण 'खरं काय ते बाहेर येईल' हा धीर माझ्याच्याने पुन्हा कोणाला देववला नाही.