स्वल्प म्हणजे किती?

बंगळुरात ‘स्वल्प अड्जस्ट माडी’ हे शब्द कानावर न पडता दिवस काढणं देवालाही जमायचं नाही, आणि आमच्या घरमालकीणबाईंसमोर ते उच्चारायची देवाचीही छाती झाली नसती. थोडं सांभाळून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण अक्कांनी ते ऐकलं की त्यांच्या पर्समधून शिवणाचा टेप बाहेर यायचा आणि पाठोपाठ प्रश्न, “स्वल्प म्हणजे किती?” पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या या मराठी बाईंना सगळी गल्ली अक्काच म्हणे. एकदा बसमध्ये बायकांच्या सीटवर टेकू पाहणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी सीटची रुंदी, आम्हा दोघींची रुंदी आणि उरलेले अडीच इंच मोजून दाखवले, आणि अगदी आदबीनं “बसा आता” म्हणाल्या. ते गृहस्थ इंदिरानगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे होते.

केबल नुकतीच आली होती आणि अक्का मालिकेचा एकही भाग चुकवत नसत. नायिका रडली की आपणही रडायच्या आणि पदरानं डोळे पुसता पुसता तिला शिव्या घालायच्या. एकदा नायिकेनं सासरच्या सुखासाठी नोकरी सोडली आणि ‘ही माझी निवड आहे’ असं ओल्या डोळ्यांनी जाहीर केलं. मी भारावून गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. “ताटात खडेही असतात म्हणून मी निवडते,” त्या म्हणाल्या. “हिच्या ताटात एकच दाणा ठेवलाय, आणि निवड म्हणे.” मग पुढे वाकून पडद्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “बाई खुळी आहे, पण बाही बघ गं तिची.” पुढच्या आठवड्यात तसल्या बाह्यांचं ब्लाउज मला शिवून मिळालं.

मी नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ पुण्याहून आलेली. मुलगी दहा महिन्यांची. मला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं, आणि मी नकाराचं पत्र लिहून ते पोस्टात टाकायच्या आधी अक्कांना दाखवायला खाली गेले. “कुणी सक्ती नाही केली हं. माझीच निवड आहे.”

“सरी, ठीक आहे,” अक्का म्हणाल्या. “नवऱ्यानं काय निवडलं?”

“त्याला काय निवडायचंय?”

“हां. आणि आपली रत्नम्मा पोर पाठीला बांधून भांडी घासते, तिनं काय निवडलं?”

मी पत्राची घडी घातली. “थोडेच दिवस तर आहेत, अक्का. स्वल्प...” म्हणाले आणि जीभ चावली. तोवर टेप बाहेर आला होता.

“एक इंच म्हणजे एक महिना. मोज.” मुलगी चालेपर्यंत, बोलेपर्यंत, शाळेत रुळेपर्यंत असं करत मी साठाव्या इंचावर पोचले आणि टेप संपला. एवढ्यात नवरा मला शोधत खाली आला. अक्कांनी टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगून विचारलं, “यातले तुझे किती रे?”

माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं, त्यात मीही आले. त्यानं तिसाव्या इंचावर बोट ठेवलं. ते पत्र मी फाडलं. सकाळी मुलीला सांभाळून तो साहेबांची बोलणी खात दुपारी ऑफिसला जायला लागला. दुपारनंतरचे तास अक्कांनी आपणहून मागून घेतले आणि रत्नम्माची पोरही ठेवून घेतली. “एकीला मी आणि दुसरीला पाठ, हे नाही चालायचं,” म्हणाल्या.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या माझ्या मुलीला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं, “अक्का, तुम्ही का नाही केलीत नोकरी?”

“कॉलेजात नाव घातलं होतं गं,” मुलीचं टोपडं सारखं करत त्या म्हणाल्या. “एक वर्ष थांब म्हणाले घरचे. स्वल्पच म्हणाले होते.”

बस आली आणि मी चढले. अक्का आता नाहीत, मी त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त व्हायला आले आहे, आणि त्यांचे आभार मानायचे राहून गेले ते गेलेच. ‘किती?’ असं त्या वेळी त्यांच्यासाठी विचारणारं कुणी नव्हतं. माझ्यासाठी त्या होत्या.